शपथ कां मोडते ?

फाल्गुन वद्य षष्ठी आली म्हणजे पैठणचा गोदाकाठ दिंड्यापताकांनीं फुलून जातो. याच तिथीस एकनाथमहाराजांनीं देह ठेवला, आणि म्हणून नाथषष्ठीच्या यात्रेस दरवर्षीं लक्षावधि वारकरी येथें जमतात. पुष्कळ जण हा मुहूर्त साधून गळ्यांत तुळशीची माळ घालतात. माळ घातली म्हणजे मद्यमांस सुटलें, हा वारकऱ्यांचा नेम सर्वश्रुत आहे. आणि म्हणूनच ज्या घरांतला कर्ता पुरुष वर्षानुवर्षें दारूच्या पाशांत सांपडलेला असतो, त्या घराची सारी आशा या एका माळेवर टांगलेली असते. बायको त्याला यात्रेस घेऊन येते, म्हातारी आई नाथांच्या समाधीवर डोकें ठेवते, आणि तो मनुष्यहि सर्वांच्या देखत, अगदीं मनापासून, शपथ घेतो. त्या क्षणीं तो खोटें बोलत नसतो.

पुढें काय होतें ? पहिली रात्र झोपेवांचून जाते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याचे हात असे कांपतात कीं, चहाची कपबशी धरवत नाहीं. अंगाला घाम सुटतो, मळमळूं लागतें, छाती धडधडते, लहानशा आवाजानेंहि तो दचकतो. एखाद्यास फेंफऱ्यासारखे झटके येतात. तिसऱ्या रात्रीं कोणाकोणाचें भानच हरपतें. अंगावर किडे चढत आहेत, कोपऱ्यांत कोणी उभें आहे, असें तो ओरडून सांगूं लागतो. घरांतलीं माणसें गांगरून जातात. कोणी म्हणतो, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतो, देव याची परीक्षा पाहत आहे. शेवटीं एखादा अनुभवी शेजारी पेलाभर दारू पाजतो, घटकाभरांत कांपरें थांबतें, आणि माळ खुंटीवर जाते. मग सारें गांव एकच निकाल देतें : "याच्यांत दमच नाहीं."

हा निकाल चुकीचा आहे. आणि तो कां चुकीचा आहे हें समजून घेणें, ज्या घरावर अशी पाळी आली आहे त्या घराला फार जरुरीचें आहे. त्या मनुष्याची शपथ त्याच्या मनाच्या आधीं त्याच्या शरीरानें मोडली. मद्यासक्ति हें एक दुखणें आहे. त्याला कारणें आहेत, लक्षणें आहेत, ठरलेला क्रम आहे आणि उपचारहि आहेत.

प्रथम शरीरांत काय घडतें तें पाहूं. प्यालेल्या मद्यांतील अल्कोहोल पोटांतून व आंतड्यांतून रक्तांत मिसळतें आणि कांहीं मिनिटांतच मेंदूपर्यंत पोंचतें. त्याचा निचरा करण्याचें काम मुख्यतः यकृताकडे असतें. यकृत त्याचें आधीं ॲसेटाल्डिहाइड नांवाच्या विषारी द्रव्यांत आणि नंतर ॲसेटेट या त्या मानानें निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करतें. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाचें यकृत तासाला सुमारें ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालांत काढूं शकतें. लिंबाचें सरबत, थंड पाण्याची आंघोळ, काळी कॉफी, यांपैकीं कशानेंहि हा वेग वाढत नाहीं. रोजच्या भारानें यकृतांत आधीं चरबी सांचते, मग त्याला सूज येते, आणि अखेरीस तें आक्रसून कठीण बनतें. पहिल्या अवस्थेंत पिणें थांबविलें तर यकृत बहुधा पूर्ववत् होतें. शेवटच्या अवस्थेंतील हानि मात्र सहसा भरून येत नाहीं. स्त्रियांच्या शरीरास हीच हानि कमी मद्यानें आणि कमी काळांत पोंचते.

परंतु शपथ मोडण्याचें कारण यकृतांत नसून मेंदूंत आहे. मज्जापेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवीत असतात. गाबा नांवाचें द्रव्य त्यांना शांत करतें, तर ग्लुटामेट नांवाचें द्रव्य त्यांना चेतवितें. अल्कोहोल पहिल्याचा जोर वाढवितें आणि दुसऱ्याचा दाबून टाकतें. म्हणून आरंभीं चिंता विसरतात, जीभ मोकळी होते, झोंप येते. पण हें रोजचेंच झालें म्हणजे मेंदू आपला तोल सांभाळण्यासाठीं स्वतःमध्यें फेरफार करून घेतो. ताजव्याच्या एका पारड्यांत कोणी रोज वजन टाकूं लागला, तर दुकानदार दुसऱ्या पारड्यांत तितकीच भर घालून दांडी सरळ करतो, तसाच हा प्रकार आहे. पूर्वीं ज्या दोन पेल्यांनीं तो झिंगत असे, त्यांनीं आतां त्याला कांहींच होत नाहीं. मित्रमंडळींत याचें कौतुक होतें. "याला चढतच नाहीं," असें अभिमानानें सांगितलें जातें. वस्तुतः ती दुखण्याची पहिली खूण असते.

असा ताजवा वर्षानुवर्षें दोन्हीकडून भरलेला असतां, एके दिवशीं मद्याचें वजन एकदम उचललें तर दुसरें पारडें धाडकन् खालीं आदळणारच. चेतविलेला मेंदू आतां बेलगाम होतो. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत कांपरें सुरू होतें. झटके यावयाचे तर ते बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. आणि दुसऱ्या ते चवथ्या दिवसाच्या दरम्यान तो भयंकर भ्रम उद्भवतो, ज्याला वैद्यकांत डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. पैठणच्या त्या घरांतली तिसरी रात्र ती हीच. ज्वर, भ्रम आणि अनियमित नाडी असलेला असा रोगी उपचारांवांचून राहिला तर दगावूंहि शकतो. दारू सोडणाऱ्या प्रत्येकालाच हें भोगावें लागतें असें नाहीं. पुष्कळांना थोडें कांपरें व अनिद्रा यांवरच निभावतें. पण जो रोज भरपूर पितो, ज्याला सकाळीं उठतांच हात थांबविण्यासाठीं घोट घ्यावा लागतो, किंवा ज्याला पूर्वीं एकदां झटके आले आहेत, त्यानें घरच्या घरीं एकाएकीं दारू तोडणें धोक्याचें आहे. त्यानें माळ अवश्य घालावी. मात्र त्याआधीं डॉक्टरास दाखवावें.

या पहिल्या आठवड्याचा उपचार आज अवघड राहिलेला नाहीं. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखीं शांतक औषधें देऊन तें आदळणारें पारडें डॉक्टर अलगद खालीं उतरवितात, आणि रोज मात्रा कमी करीत साधारण आठवडाभरांत तीं बंद करतात. हीं औषधें स्वतः सवय लावणारीं असल्यामुळें तीं दुकानांतून आणून मनानें घेऊं नयेत. दुसरी गोष्ट ब-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमीनची. मद्यपी मनुष्य नीट जेवत नाहीं, आणि जेवलें तरी त्याच्या आंतड्यांतून हें जीवनसत्त्व पुरतें शोषलें जात नाहीं. त्याच्या अभावीं डोळ्यांची हालचाल बिघडते, चालतांना तोल जातो, बुद्धि गोंधळते. जर्मनींत वेर्निके यानें १८८१ सालीं या विकाराचें वर्णन केलें. वेळीं इंजेक्शन मिळालें तर तो आटोक्यांत येतो. न मिळालें तर स्मृति कायमची जाते, आणि मनुष्य सकाळचें बोलणें दुपारीं विसरतो. अशा रोग्यास केवळ ग्लुकोजचें सलाईन लावून भागत नाहीं. थायमीन त्याच्या आधीं किंवा निदान त्याच्या बरोबर द्यावें लागतें.

आठवडा लोटला, कांपरें गेलें, भूक लागूं लागली; आतां रोगी बरा झाला असें घरच्यांस वाटतें. येथेंच दुसरी चूक होते. शरीरांतलें मद्य गेलें तरी मेंदूंतली त्याची नोंद पुसलेली नसते. सुख देणाऱ्या गोष्टी लक्षांत ठेवणारी मेंदूची यंत्रणा मद्यानें पार ताब्यांत घेतलेली असते. तें ठराविक दुकान, ती संध्याकाळची वेळ, पगाराचा दिवस, जुना सोबती, घरांतलें भांडण, यांपैकीं कशानेंहि ती जागी होते. कित्येक महिन्यांच्या संयमानंतर घेतलेला एक घोट जुन्या सर्व सवयीला एका दिवसांत परत बोलावूं शकतो. म्हणून ज्याला हें दुखणें एकदां जडलें, त्याला "बेतानें पिण्याचा" मार्ग सहसा मोकळा राहत नाहीं.

मग एकाच मैफलींत बसणाऱ्या दहा जणांपैकीं एकालाच हें दुखणें कां जडतें ? त्याचें उत्तर कांहीं अंशीं रक्तांत आहे. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासांवरून असें दिसून आलें आहे कीं, या दुखण्याच्या संभवाचा जवळजवळ निम्मा भाग आनुवंशिक असतो. उरलेला भाग लहान वयांत लागलेली चव, मनाचें दुःख, सोबत आणि दारूची सुलभता यांचा. अर्थात् बापाला हें दुखणें असलें म्हणजे मुलाला तें होईलच असें नव्हे. पण त्या मुलानें पहिल्या पेल्यापासूनच दूर राहण्यास इतरांपेक्षां अधिक कारण आहे.

वैद्यकाला हें सत्य एका दिवसांत गवसलें नाहीं. १८०४ सालीं थॉमस ट्रॉटर या ब्रिटिश आरमारांतील वैद्यानें अतिपानाला रोग म्हटलें, तेव्हां तें फारच थोड्यांस पटलें. १८४९ त स्वीडनच्या माग्नुस हुस यानें 'अल्कोहोलिझम' हा शब्द रूढ केला. १९५६ त अमेरिकन वैद्यक संघटनेनें मद्यासक्त रोग्यास इतर रोग्यांप्रमाणें रुग्णालयांत प्रवेश मिळाला पाहिजे, असें जाहीर केलें. आपल्या देशांत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें मद्य व इतर मादक द्रव्यें यांपासून उद्भवणाऱ्या विकारांचा मानसिक आजारांत समावेश केला, आणि अशा रोग्यास सांखळदंडानें बांधण्यास मनाई केली.

येथें कोणी विचारील कीं, हें दुखणें आहे असें म्हटलें म्हणजे त्या मनुष्याला सगळें माफच झालें कीं काय ? तसें नाहीं. मधुमेह झाला हा कोणाचा अपराध नसतो. पण मधुमेह आहे हें कळल्यावर पथ्य न करणें ही त्या मनुष्याचीच जबाबदारी ठरते. मद्यासक्ताचेंहि असेंच आहे. दुखणें त्यानें मागून आणलेलें नाहीं, परंतु उपचार त्यालाच घ्यावयाचे आहेत. शिवाय बायकामुलांवर हात उगारणें हें कोणत्याहि दुखण्यानें क्षम्य होत नाहीं. असा प्रसंग येतो त्या घरांत बायकामुलांची सुरक्षितता आधीं, रोग्याची समजूत मागाहून.

मराठी घरांत या विषयाची आठवण निघाली कीं राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचें नांव ओंठावर येतें. गडकरी १९१९ च्या जानेवारींत वारले, आणि नाटक त्याच वर्षीं रंगभूमीवर आलें. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि तो निश्चय टिकत नाहीं, हें त्यांनीं जें दाखविलें तें आजच्या वैद्यकाशीं जुळतें. परंतु मुकाट्यानें सोसणाऱ्या सिंधूला आदर्श समजून ज्या असंख्य स्त्रियांनीं आपलें आयुष्य झिजविलें, त्यांना एक गोष्ट सांगावयास हवी. मुकाट्यानें सोसल्यानें रोगी बरा होत नाहीं. नवऱ्याच्या कचेरींत "त्यांना ताप आला आहे" अशी चिठ्ठी पाठविणें, वाण्याचें देणें परस्पर फेडणें, मुलांपासून व माहेरापासून खरी गोष्ट लपविणें, हें सर्व प्रेमानें घडतें; पण त्यामुळें दुखण्याचा चटका रोग्याला लागतच नाहीं, आणि उपचाराची निकड त्याला कळत नाहीं.

तर मग घरच्यांनीं करावें काय ? बोलावयाचें तें तो शुद्धीवर असतां, सकाळच्या शांत वेळीं बोलावें. प्यालेल्या माणसाशीं वाद घालूं नये. टोमणे देऊं नयेत. काल रात्रीं काय घडलें तें साध्या शब्दांत सांगावें, आणि "उद्यां डॉक्टरांकडे जाऊं," असें एकच नेमकें पाऊल पुढें ठेवावें. मुलांपासून लपवूं नये. बाबांना दुखणें आहे आणि तें तुमच्यामुळें झालेलें नाहीं, हें त्यांच्या वयाला झेपेल अशा रीतीनें त्यांना सांगावें. बरा होत असलेल्या माणसासाठीं घरांत दारूची बाटली, पाहुण्यांकरितांहि, ठेवूं नये. त्याचें तोंड रोज हुंगून पाहण्यापेक्षां त्याच्या रिकाम्या झालेल्या संध्याकाळीं कशानें भरतील याचा विचार करावा.

एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. नकळत जेवणांत मिसळून दारू सोडविणाऱ्या पुड्यांच्या जाहिराती ठिकठिकाणीं दिसतात. अशा पुडींत काय आहे हें बहुधा घेणाऱ्यास ठाऊक नसतें. डायसल्फिराम नांवाचें एक खरें औषध आहे. डेन्मार्कमध्यें हाल्ड व याकोब्सेन हे दोघे जंतांवरील औषध म्हणून तें स्वतःवर तपासून पाहत असतां, मद्याचा घोट घेतांच त्यांना विलक्षण त्रास झाला, आणि १९४८ त तें मद्यासक्तीवरील औषध म्हणून पुढें आलें. हें औषध यकृताचें काम अर्ध्यावर थांबवितें. तें विषारी ॲसेटाल्डिहाइड रक्तांत सांचतें, चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. ज्यानें हें जाणून, राजीखुषीनें आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं घेतलें आहे त्याला तें उत्तम कुंपण ठरतें. पण तेंच कोणी नकळत दिलें आणि त्यानें बाहेर जाऊन भरपूर दारू प्याली, तर त्याचे प्राण जाऊं शकतात. पिण्याची ओढ कमी करणारीं नाल्ट्रेक्झोन व अकॅम्प्रोसेट हीं औषधेंहि आतां उपलब्ध आहेत. तींहि रोग्याच्या संमतीनेंच द्यावयाचीं असतात.

औषधाइतकाच उपयोग होतो तो सोबतीचा. १९३५ सालीं अमेरिकेंत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांना असा अनुभव आला कीं, एकमेकांशीं बोलत राहिल्यानें दोघेहि दारूपासून दूर राहूं शकतात. त्यांतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही मंडळी उभी राहिली. तेथें वर्गणीची सक्ति नाहीं, आडनांव विचारलें जात नाहीं, आणि जन्मभराची शपथ न घेतां 'आजचा एक दिवस' दारू घ्यावयाची नाहीं, एवढाच नेम असतो. जन्माच्या शपथेचें ओझें ज्याला पेलत नाहीं, त्याला एका दिवसाचा नेम पेलतो. तिच्या सभा आज महाराष्ट्रांतील अनेक शहरांत मराठींतून भरतात.

महाराष्ट्रांतील याविषयींचा मोठा प्रयोग म्हणजे पुण्याचें 'मुक्तांगण'. लेखक अनिल अवचट यांनीं गर्दच्या व्यसनांत सांपडलेल्या तरुणांवर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनीं मोठी देणगी देऊं केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयांत काम करीत होत्या. त्यांच्या पुढाकारानें त्याच आवारांत १९८६ सालीं हें केंद्र सुरू झालें. गर्दसाठीं निघालेल्या या केंद्रांत पुढें मद्यासक्त मोठ्या संख्येनें येऊं लागले. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, योगासनें, गटांतील मोकळी चर्चा, घरच्यांसाठीं वेगळ्या सभा, आणि नंतरचा दीर्घ पाठपुरावा, असा तेथील क्रम आहे. तेथें मारहाण नाहीं, कोंडून ठेवणें नाहीं. विशेष हें कीं, काम करणाऱ्यांत बरे झालेले रोगीच पुष्कळ आहेत. नव्यानें आलेल्याला तो कांपऱ्या हातांचा माणूस आज खुर्चींत बसून आपल्याशीं बोलतो आहे हें दिसतें, आणि कोणत्याहि व्याख्यानानें न पटणारी गोष्ट त्याला पटते.

गोव्यांत झालेला एक प्रयोगहि आशा देणारा आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या पण थोडें प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसांनीं, अपायकारक प्रमाणांत पिणाऱ्या पुरुषांशीं कांहीं मोजक्या भेटींत पद्धतशीर संभाषण केलें. २०१७ त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनीं अशा पुरुषांपैकीं शेंकडा ३६ जणांचें पिणें अपायाच्या मर्यादेखालीं आलें; नेहमीचाच सल्ला मिळालेल्यांत हेंच प्रमाण शेंकडा २६ होतें. मोठें रुग्णालय नसलेल्या गांवांतहि कांहीं करतां येतें, असा याचा अर्थ.

करण्याची गरज किती आहे तें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून दिसतें. देशांत सुमारें १६ कोटि लोक मद्य पितात. त्यांतील सुमारें २ कोटि ९० लाख लोक पुरते मद्यासक्त आहेत. आणि अशा ३८ जणांपैकीं केवळ एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचें आढळलें. उरलेले ३७ जण आणि त्यांचीं घरें शपथांवरच विसंबून आहेत. पैठणपासून सुमारें ५० किलोमीटरांवर छत्रपति संभाजीनगरास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. लोक त्याला 'घाटी' म्हणतात. तेथें मानसोपचाराचा विभाग आहे. ज्यांना जातां येत नाहीं किंवा जाण्याची लाज वाटते, त्यांच्यासाठीं व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याचा १४४१६ हे शासनाचे दूरध्वनि क्रमांक विनामूल्य आहेत. घरच्या माणसांनींहि त्यांवर विचारावें.

आणि उपचार घेऊनहि तो पुन्हां प्याला तर ? पुष्कळ जण एकदोनदां घसरतात. दमेकऱ्याला पुन्हां धाप लागली म्हणून कोणी त्याला ढोंगी म्हणत नाहीं; औषध बदलतात, पथ्य तपासतात. येथेंहि तेंच करावें. घसरण झाल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, रागाचा एकहि शब्द न काढतां, त्याला पुन्हां डॉक्टरांकडे नेणारीं माणसें ज्या घरांत असतात, त्या घराला यश येण्याचा संभव अधिक.

नाथांची एक आख्यायिका पैठणच्या लहान मुलालाहि ठाऊक असते. काशीहून कावडींत आणलेलें गंगोदक रामेश्वराला वाहावयाचें असतां, वाटेंत तप्त वाळवंटांत तडफडणारें एक गाढव त्यांना दिसलें, आणि तें पवित्र पाणी त्यांनीं त्याच्या मुखांत घातलें. तें गाढव पात्र आहे कीं नाहीं, तें त्या वाळूंत कसें आलें, हें त्यांनीं विचारलें नाहीं. त्या वेळीं त्याला जें हवें होतें तें दिलें. नाथषष्ठीला ज्याच्या गळ्यांत माळ घालावयाची, त्याचे हात दुसऱ्या दिवशीं कांपूं लागतील हें आधींच ओळखून, त्याच्याबरोबर रुग्णालयाच्या दारापर्यंत चालत जाणें, ही त्या कावडीचीच परंपरा आहे.